भिंतीमागचे अडीच फूट

ऑफिसात मला 'बारामिनिटे' म्हणतात. हे माझं आडनाव नाही. घराच्या दारात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत मला बारा मिनिटं लागायची, म्हणून पडलेलं नाव. अठ्ठावीस वर्षं मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते आहे, आणि खरं सांगते, या नावाचा मला अभिमान होता. बाकीच्यांना पाऊण तास लागायचा. मी उंबऱ्यात उभी राहिले की घर आपली सगळी हकिकत मला सांगून टाकतं, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगायची. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

जुना फॉर्म दोन पानी होता. बाहेरून लांबी-रुंदी, खोल्या किती, छत कसलं, काही दोष दिसला तर एका ओळीत, आणि शेवटी एक चौकट: घराची एकूण स्थिती. तिच्यात तीनपैकी एक शब्द लिहायचा. चांगली, साधारण किंवा खराब. मी बहुतेक वेळा 'साधारण' लिहायची. चांगली लिहिलं तर बँक विचारते कशावरून, खराब लिहिलं तर मालक भांडायला येतो. साधारण लिहिलं की कोणी येत नाही.

मग वरून नवे नियम आले. नियम करणारे लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हे माझं जुनं मत, आणि नवा फॉर्म पाहिल्यावर ते आणखी पक्कं झालं. आता प्रत्येक खोली वेगळी. प्रत्येक खोलीचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन फोटो. मोजमाप फितीने नाही, लेझरने, बाहेरून आणि आतूनही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांना स्वतंत्र श्रेणी, शिवाय तिथलं शेवटचं काम कोणत्या साली झालं आणि त्याला पुरावा काय. दोष दिसला तर तो नेमका कुठे, केवढा, फोटो लावा. ओल असेल तर यंत्राची सुई भिंतीला टेकवून आकडा लिहा. 'ओल वाटते', 'जुनं दिसतं' हे शब्द बाद. आणि कहर म्हणजे टॅबलेटवर घराचा नकाशा काढायचा. त्याच्या रेघा एकमेकींना जुळल्या नाहीत तर अहवाल पुढे सरकतच नाही. कागदाने अठ्ठावीस वर्षांत मला एकदाही उलट प्रश्न विचारला नव्हता. हे यंत्र पायरीपायरीला 'का' विचारत होतं.

हे सगळं शिकवायला आमच्या विभागप्रमुखबाई उभ्या होत्या. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. भिंतीजवळ नाक नेऊन ओल कशी ओळखायची, हे तिला मीच शिकवलं होतं, आणि आता ती मला सुई कशी टेकवायची ते दाखवत होती. मी शेवटच्या बाकावर बसून तोंड आंबट केलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आता एका घराला दीड तास लागणार. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, मग आडनाव बदलून नव्वदमिनिटे करून घे.

नव्या फॉर्मवरचं माझं सहावं घर होतं ते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असलेलं, एकमजली, पुढे दोन पायऱ्या आणि मागे छोटंसं अंगण. बँकेने जुना अहवाल जोडून पाठवला होता. सतरा वर्षांपूर्वीचा, खाली सही माझी. 'ओल आढळली. स्थिती साधारण.' मला घर आठवेना. शिंप्याला प्रत्येक सदऱ्याची बाही आठवत नाही, तसंच ते.

दार उघडलं ती माझ्याच वयाची बाई होती. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि माझ्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढून थांबली होती. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आत शिरले.

मी मोजत होते आणि ती माझ्यामागून चालत तिची हकिकत सांगत होती. नवरा प्लंबर होता, आठ महिन्यांपूर्वी गेला. घर दोघा भावांच्या नावावर. दीर बस चालवायचा, आता निवृत्त झालाय, मुलीजवळ जाऊन राहायचं म्हणतोय, त्यासाठी त्याला त्याचा अर्धा वाटा हवाय. माणूस वाईट नाही, सहा महिने थांबलाय, पण तिकडची जागा त्याच्यासाठी या महिन्याअखेरपर्यंतच राखून ठेवलेली आहे. तिला घरावर कर्ज काढून दिराचा वाटा विकत घ्यायचा होता. बँकेतल्या माणसाने जुनी फाइल उघडली आणि सांगितलं, पुन्हा ओल आणि साधारण असंच आलं तर कर्ज पुरणार नाही. कर्ज पुरलं नाही तर घर विकून पैसे वाटून घ्यायचे, एवढाच मार्ग उरत होता.

"एकतीस वर्षं झाली मला या घरात येऊन," ती म्हणाली.

अशा गोष्टी मी ऐकत नाही. म्हणजे ऐकते, पण मनावर घेत नाही. घराची किंमत घराने ठरवायची, घरातल्या माणसाने नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य.

सुईचं यंत्र काढलं. पुढची खोली, निजायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, बावीस ठिकाणी टेकवलं. घर ठणठणीत कोरडं होतं. न्हाणीघराच्या कोपऱ्यातसुद्धा, जिथे शंभरातल्या नव्वद घरांत पोपडे सुटलेले असतात, तिथे आकडा हललाच नाही. मी यंत्र हातावर आपटून पाहिलं. बिघडलं असेल म्हणून जिभेने ओलं केलेल्या बोटाला टेकवलं, तर लगेच आकडा उडाला. यंत्र बरोबर होतं.

मग फॉर्मने विचारलं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचं शेवटचं काम कोणत्या साली झालं आणि पुरावा काय. मी तिला बिलं मागितली. ती हसली. प्लंबरने स्वतःच्या घरी काम करून स्वतःलाच बिल द्यायचं का, असं तिने विचारलं. सामानाच्या पावत्या तो खिशात ठेवायचा आणि त्या कपड्यांबरोबर धुतल्या जायच्या. पुरावा नसेल तर फॉर्म घर बांधल्याचं साल धरतो, आणि श्रेणी आपोआप खाली येते. मी 'पुरावा नाही' या चौकटीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. आधी नकाशा करू म्हटलं.

नकाशा जुळेना. बाहेरून घराची लांबी मोजली होती, आतून सगळ्या खोल्यांची बेरीज केली, भिंतींची जाडी मिळवली, तरी अडीच फूट कमी. पडद्यावर स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मध्ये लाल रेघ लुकलुकत राहिली. मी पुन्हा मोजलं. लेझरला नावं ठेवली, मग भिंती तिरक्या आहेत म्हणाले, मग टॅबलेट बनवणाऱ्याचा उद्धार केला. नाचता येईना अंगण वाकडं. अंगणसुद्धा मोजून पाहिलं होतं आणि ते अगदी सरळ होतं.

मग मी माझ्या जुन्या वळणावर गेले. बोटाने स्वयंपाकघराची रेघ धरली आणि अडीच फूट पुढे ओढली. लाल रेघ गेली, नकाशा हिरवा झाला. कोणाचं काय बिघडलं? उलट घर कागदावर जरा मोठं दिसलं असतं, तर त्या बाईचाच फायदा होता.

ती माझ्या खांद्यावरून पडदा बघत होती.

"एवढं मोठं नाहीये हो माझं स्वयंपाकघर," ती म्हणाली. "दोन बायकांना एकमेकींना ओलांडून जाता येत नाही तिथं. तुम्ही चुकलात."

ज्या बाईचं घर चार भिंतींसकट टांगणीला लागलं होतं, ती मला सांगत होती की माझं घर लहान आहे, लहानच लिहा. मला लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांत अशी लाज मला किती वेळा वाटली असेल ते मोजायला एका हाताची बोटं पुष्कळ आहेत. मी रेघ मागे ओढली. ती पुन्हा लाल झाली.

"मग अडीच फूट गेले कुठे, ताई?"

तिने भांड्यांच्या उंच कपाटाकडे बोट केलं. "त्याच्यामागे आहेत. त्यांचा बोळ."

कपाटाची खालची भांडी आम्ही दोघींनी जमिनीवर मांडली. मागची फळी खाचेत बसवलेली होती. नवरा गेल्यापासून ती कोणी हलवली नव्हती. तिने सांगितलं की पूर्वी इथे एकच भिंत होती. त्याने स्वयंपाकघरातले अडीच फूट कापून दुसरी भिंत घातली आणि घरातला एकूण एक पाइप त्या दोन भिंतींच्या मध्ये आणला, म्हणजे काहीही गळलं तर भिंत न फोडता दुरुस्त करता यावं. चार वर्षं दर सुट्टीच्या दिवशी तो इथेच असायचा. "माझं स्वयंपाकघर आखडलं म्हणून मी सहा महिने धड बोलले नव्हते त्यांच्याशी," ती म्हणाली.

फळी सरकवून मी आत वाकले आणि दिव्याचं बटण चाचपडून दाबलं. त्याने आत दिवासुद्धा बसवला होता. माणूस आडवा चालला तर मावेल एवढी जागा, दोन्ही भिंतींना चुना, आणि शाळेच्या वहीतल्या ओळींसारखे सरळ पाइप. एका खिळ्याला सुतळीने काळा मार्कर बांधलेला. आणि भिंतभर लिहिलेलं होतं.

प्लंबर लोकांची ही रीत मला ठाऊक होती. झाकण लावण्याआधी आत तारीख आणि केलेलं काम लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं कुठवर काय झालंय. पण लोक एक तारीख लिहितात. याने सोळा वर्षं लिहिली होती. 'गरम पाण्याचा पाइप नवा.' 'वॉशर बदलला.' 'न्हाणीघराचा उतार पुन्हा केला, पहिला जमला नव्हता.' 'दोन दिवस पाणी सोडून पाहिलं. थेंब नाही.' प्रत्येकापुढे दिवस, महिना, साल. पुरावा पुरावा म्हणून फॉर्म जो घसा कोरडा करत होता, तो भिंतीवर ओळीने उभा होता. मी फोटो काढत आत सरकत गेले.

अगदी टोकाला, सगळ्यांत जुनी ओळ होती. तारीख वाचली आणि मी टॅबलेटमधला जुना अहवाल उघडला. भिंतीवरची तारीख माझ्या सहीनंतर आठच दिवसांची होती.

'बँकेची बाई ओल लिहून गेली. कुठे ते लिहिलं नाही. म्हणून सगळंच उघडतो.'

ती ओळ मी मोठ्याने वाचली आणि बोळात तशीच अडकून उभी राहिले. बाहेर कपाटापाशी ती बसली होती.

"तुम्हीच होतात ना?" तिने बाहेरूनच विचारलं. "मी दारातच ओळखलं. घड्याळ तसंच बघता."

मी बाहेर आले, तिच्यासमोर जमिनीवर भांड्यांच्या पसाऱ्यात बसले आणि विचारलं की तेव्हा ओल होती कुठे.

"कुठेच नव्हती. तुम्ही येणार म्हणून सकाळी मी स्वयंपाकघराची भिंत ओल्या फडक्यानं पुसली होती. तेलकट झाली होती ना. तुम्ही आलात तेव्हा ती वाळायची होती."

भिंतीला मी हात लावला नव्हता. नाक नेलं असेल, ओलसर वास आला असेल, आणि बारा मिनिटांत मी निघून गेले असेन. जुन्या फॉर्मने मला कुठे, केवढी, कशावरून असं काही विचारलं नव्हतं. मग त्या वेळचं कर्ज कशासाठी हवं होतं, ते मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. त्याला दुकान घालायचं होतं, कोपऱ्यावरचा एक गाळा. ओल लिहिली आहे, कुठे ते लिहिलेलं नाही, एवढंच सांगून बँकेने कर्ज नाकारलं. तो शेवटपर्यंत खांद्यावर पिशवी टाकून दारोदार कामाला जात राहिला.

"पहिले दोन-तीन महिने तुम्हाला खूप शिव्या घालायचे," ती म्हणाली. "मग कामात रमले. म्हणायचे, गावभरचे नळ बघतो आणि घरचा कधी उघडून बघितला नव्हता, दिव्याखाली अंधार. पाइप आतून कुजत आलेच होते म्हणे. पण दुकानाचं मनातच राहिलं हो."

तिने हे मला बोचावं म्हणून सांगितलं नाही आणि बरं वाटावं म्हणूनही नाही. होतं तसं सांगितलं. मी माफी मागितली. शब्द अपुरे होते आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं. तिने मान हलवली आणि चहा करायला उठली, आणि भांडी सगळी जमिनीवर होती म्हणून पुन्हा बसली.

बोळात डाव्या हाताला, कॉकच्या रांगेवर, अक्षर बदललेलं होतं. मोठं, सावकाश काढलेलं. हे मी तिला सांगितलं. आत फक्त पाइप आहेत अशी तिची समजूत होती. ती गुडघ्यांवर वाकून आत शिरली आणि मी मागून टॅबलेटचा उजेड धरला. ते गेल्या वर्षी, आजारपणात लिहिलेलं होतं. पहिल्या कॉकवर, 'हा सगळ्या घराचा. काही झालं तर आधी हा बंद कर. घाबरू नकोस.' दुसऱ्यावर, 'हा स्वयंपाकघराचा. जड आहे. दोन्ही हातांनी फिरव.' तिसऱ्यावर, 'हा गळायला लागला तर प्लंबर बोलव. स्वस्तातला बोलवू नकोस.'

ती आधी हसली. मग तिथेच, पाइपाला कपाळ टेकवून रडली. मी उजेड धरून थांबले. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळ पाहायला हात मोकळा नव्हता.

दुपारी ऑफिसात परत आले तेव्हा अहवालात एकच चौकट रिकामी राहिली होती. घर सगळं भरलं होतं. नकाशा हिरवा होता, बोळासकट. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्हींना पुराव्यानिशी 'चांगली' अशी श्रेणी मिळाली होती. उरला होता शेवटचा प्रश्न: आधीच्या अहवालापेक्षा वेगळं का? खाली दोन पर्याय. 'मालकाने दोष दूर केला' किंवा 'आधीचा अहवाल चुकीचा'.

मी टॅबलेट घेऊन प्रमुखबाईंकडे गेले आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. तिने मला बसायला खुर्ची ओढून दिली.

"पहिला पर्याय घ्या ना, मॅडम," ती म्हणाली. "खोटं नाहीये ते. त्यांनी सगळं नवं केलंच आहे की."

पहिला पर्याय घेतला तर घराच्या नावापुढे 'पूर्वी ओल होती' असा शेरा दहा वर्षं राहतो आणि श्रेणी एक पायरी खाली येते. तेवढ्याने त्या बाईचं कर्ज अपुरं पडलं असतं. दुसरा घेतला तर समिती बसते आणि माझे त्या महिन्यातले सगळे अहवाल उघडते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. प्रमुखबाई मला वाचवत होती, ते मला दिसत होतं, आणि तिच्याबद्दल मला एकदम माया वाटली. शेवटच्या बाकावर बसून काढलेल्या तोंडाची मनातल्या मनात क्षमाही मागितली.

"दोष दूर करायला आधी तो असावा लागतो," मी म्हणाले. "तिथे फक्त एक पुसलेली भिंत होती."

"समिती सगळं उघडेल."

"उघडू दे. माझ्या एका ओळीपायी त्या माणसाने अख्खं घर उघडलं. माझी फाइल उघडली तर कुठे आभाळ कोसळतंय."

मी दुसऱ्या पर्यायावर बोट दाबलं. कारण लिहायला जागा होती. लिहिलं: 'पाहणीच्या दिवशी भिंत नुकतीच पुसलेली होती. मी हात लावून पाहिलं नाही. सही माझीच.' आणि पाठवून दिलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने या वेळी वर्तमानपत्र खाली ठेवलं. जेवणानंतर भांडी त्याने घासली.

समितीने त्या महिन्यातले एकेचाळीस अहवाल उघडले. नऊ ठिकाणी मी ओल लिहून कुठे ते लिहिलं नव्हतं. शिक्षा अशी की त्या नऊही घरी मी पुन्हा जायचं, स्वतःच्या वेळात, सुईचं यंत्र घेऊन. आतापर्यंत चार झाली. तीन ठिकाणी ओल खरंच होती, आणि तेवढ्याने मला जो दिलासा मिळाला तो त्या घरमालकांना सांगण्यासारखा नाही. चौथ्या घरी नव्हती. तिथल्या म्हाताऱ्याने दारातच मला जे सुनावलं ते मी उभ्याने ऐकून घेतलं, मग आत जाऊन दीड तास मोजलं.

प्लंबरच्या घराचं कर्ज दहा दिवसांत मंजूर झालं. नव्या नियमांप्रमाणे अहवालाची एक प्रत मालकाला नेऊन द्यावी लागते. पूर्वी बँक ती कपाटात ठेवायची आणि लोकांना आपल्या घराबद्दल आम्ही काय लिहून ठेवलंय ते कधी कळायचंच नाही. मी महिना संपायच्या तीन दिवस आधी प्रत घेऊन गेले.

दीर आलेला होता, खोक्यांत आपलं सामान भरत होता. उंच, वाकलेला माणूस. त्याने माझ्या हातातून अहवाल घेतला आणि नकाशाचं पान डोळ्यांजवळ धरलं. बोळावर बोट ठेवून म्हणाला, "लहानपणी आम्ही दोघं इथंच झोपायचो, वहिनी. एका भिंतीशी." मग अहवाल तिला परत दिला आणि पुढे सांगितलं की घर विकावं लागलं असतं तर त्याला तिकडे झोप लागली नसती. ती म्हणाली, हे सहा महिन्यांपूर्वी बोलला असतात तर माझी तरी झोप वाचली असती. तो खाली मान घालून खोक्याला दोरी बांधायला लागला आणि मग दोघंही हसले.

निघताना तिने मला थांबवलं. कपाटातली भांडी तिने आधीच काढून ठेवली होती. फळी सरकवली, दिवा लावला आणि सुतळीचा मार्कर माझ्या हातात दिला.

"इथं जो काम करतो तो लिहून जातो," ती म्हणाली. "तुम्ही राहिलात."

मी वाकून आत गेले. त्याच्या शेवटच्या ओळीखाली हातभर जागा होती. मार्कर सुकत आला होता, दोनदा झटकावा लागला. तारीख घातली आणि लिहिलं: 'ओल नाही.'

तिने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"कुठे ते लिहिलं नाहीत," ती म्हणाली.

मी मार्कर पुन्हा भिंतीला टेकवला आणि पुढे लिहिलं: 'कुठेच. हात लावून पाहिलं.'